शिजियाझुआंगचा एक वीकेंड आणि नागपूरचे डॉ. चोळकर

(या आठवड्याच्या एपिसोडचं लेखी रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायचा कंटाळा आला असेल तर ऐका.)



आज एक खेळ खेळू. समजा, तुमच्याकडे चीनमध्ये एकच शनिवार-रविवार आहे. कंपनीने बीजिंगला ट्रेनिंगला पाठवलंय, किंवा काकांसोबत ग्वांगझूच्या कँटन फेअरमध्ये मशिनरी बघायला गेलात आणि तिथून बीजिंगला आलात. शुक्रवारी संध्याकाळी काम संपलं. सोमवारी सकाळी पुन्हा हजर व्हायचंय. मधले दोन दिवस तुमचे. काय बघाल?

रील्स उघडल्या की उत्तर तयार असतं. ग्रेट वॉल, शांघायचे उंच टॉवर, चोंगचिंगमधली इमारतीच्या पोटातून जाणारी मेट्रो. सगळं बघण्यासारखं आहे, वादच नाही. पण मी आज तुम्हाला असं शहर सुचवणार आहे, ज्याचं नाव घेतानाच जीभ अडखळते. शिजियाझुआंग.

काहून बा तिथंच? तर त्याचं उत्तर १९३८ मध्ये आहे, आणि त्यात आपल्या नागपूरचा एक डॉक्टर आहे.

आधी शहराची ओळख

शिजियाझुआंग ही हेबेई प्रांताची राजधानी. बीजिंगच्या नैर्ऋत्येला, २८० किलोमीटरच्या आसपास. २०२० च्या चिनी जनगणनेत शहर आणि भोवतालचे तालुके धरून लोकसंख्या १ कोटी १० लाखांच्या वर भरली. एवढं मोठं शहर, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी नावसुद्धा ऐकलेलं नाही!

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे एक साधं खेडं होतं. मग बीजिंग ते हान्कौ हा रेल्वेमार्ग तिथून गेला. १९०७ मध्ये पश्चिमेकडच्या ताइयुआनची लाइन येऊन मिळाली, आणि खेड्याचं जंक्शन झालं. जंक्शन झालं की गोदामं येतात, गिरण्या येतात, माणसं येतात. चिनी लोक या शहराला गमतीने म्हणतात, हे रेल्वेने ओढून आणलेलं शहर आहे. नागपूरकरांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. दिल्ली–चेन्नई आणि मुंबई–हावडा हे दोन्ही मार्ग जिथे एकमेकांना छेदतात, तिथे आपण राहतो. फरक एवढाच की नागपूर रेल्वे यायच्या आधीपासून भोसल्यांची राजधानी होतं.

आता मुद्द्यावर येऊ. या शहरात शहिदांचं एक मोठं उद्यान आहे, उत्तर चीन शहीद स्मारक. तिथे दोन परदेशी डॉक्टरांच्या समाध्या आणि त्यांची स्मारक दालनं आहेत. एक कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून. दुसरे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

पाच डॉक्टर, एक बोट

गोष्ट थोडी मागे नेऊ. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. डिसेंबरपर्यंत नानजिंग पडलं आणि तिथे भयंकर कत्तल झाली. चीनकडे सैनिक होते, पण जखमींना वाचवायला डॉक्टर फारच थोडे होते. त्याच सुमारास चिनी सेनापती चू ते यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली.

भारत तेव्हा स्वतःच गुलाम होता, हे लक्षात घ्या. स्वतःचं परराष्ट्र खातं नाही, सैन्य नाही, तिजोरी नाही. तरी १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी लोकांना आवाहन केलं, जुलैमध्ये ‘चीन दिन’ पाळून निधी गोळा झाला, आणि पाच डॉक्टरांचं एक पथक ठरलं. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल. ते स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले. कलकत्त्याचे दोघं, डॉ. बिजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी. सोलापूरचे कोटणीस, वय २७, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले. आणि पथकाचे उपप्रमुख होते नागपूरचे डॉ. मोरेश्वर रामचंद्र चोळकर. पाचही जणांत वयाने सगळ्यात मोठे. ज्या वयात माणूस जमलेली प्रॅक्टिस सांभाळतो, नातवंडांत रमतो, त्या वयात हे युद्धावर निघाले.

१ सप्टेंबर १९३८ ला ‘राजपुताना’ नावाच्या बोटीने हे पाच जण मुंबईहून निघाले. सोबत औषधांची खोकी आणि एक रुग्णवाहिका. ठरलं होतं एका वर्षासाठी जायचं.

इथे इतिहासाचा एक विचित्र पेच आहे, तोही सांगून टाकतो. जपानशी लढणाऱ्या चीनला हे पथक पाठवणारे सुभाषबाबू पाच वर्षांनी, १९४३ मध्ये, जपानच्याच मदतीने आझाद हिंद फौज उभी करून लढत होते. शाळेच्या पुस्तकात या दोन गोष्टी वेगवेगळ्या धड्यांत येतात, म्हणून आपल्याला त्या शेजारी ठेवून बघायची सवय नाही. ठेवून बघा. त्या काळातल्या माणसांपुढचे पर्याय किती अवघड होते, ते कळतं.

पडत जाणाऱ्या शहरांचा प्रवास

आज बीजिंग ते शिजियाझुआंग हायस्पीड ट्रेन सव्वा तासाच्या आत-बाहेर पोचवते. या पाच जणांचा प्रवास कसा झाला ते बघा.

सप्टेंबरच्या मध्यावर ते ग्वांगझूला पोचले. सन यत-सेन यांच्या पत्नी सोंग चिंग-लिंग यांनी त्यांचं स्वागत केलं. तिथून चांगशामार्गे हान्कौ, म्हणजे आजच्या वुहानचा भाग. तिथे काम सुरू करतात न करतात तोच २१ ऑक्टोबरला मागे ग्वांगझू पडलं. त्याच महिन्याच्या अखेरीस वुहानही पडलं. पथक त्याआधी यांगत्सी नदीने वर सरकलं, यिचांगला, आणि मग चोंगचिंगला. चोंगचिंग तेव्हा चीनची युद्धकाळातली राजधानी होती. म्हणजे हे जिथे जिथे राहिले, त्यातली दोन मोठी शहरं त्यांच्या पाठोपाठ जपानच्या हातात गेली.

चोंगचिंगमध्ये एक सुंदर गोष्ट घडली. रवींद्रनाथ टागोरांच्या शांतिनिकेतनात ‘चीना भवन’ चालवणारे प्राध्यापक तान युन-शान यांनी पाचही जणांना चिनी नावं दिली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी एकच अक्षर, ‘हुआ’. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले ‘के दिहुआ’. बसू झाले ‘बा सुहुआ’. आणि नागपूरचे चोळकर झाले ‘झुओ केहुआ’. पाच वेगवेगळ्या आडनावांना एकच शेपूट!

त्याच मुक्कामाच्या शेवटी, पुढे निघायच्या तोंडावर, कोटणीसांना घरून कळलं की वडील गेले. सोबतच्यांनी परत जायचा सल्ला दिला. ते गेले नाहीत. शिआनमार्गे हे पथक १२ फेब्रुवारी १९३९ ला यानआनला पोचलं. कम्युनिस्टांचं मुख्य ठाणं तिथे होतं, आणि दवाखानेसुद्धा डोंगरात कोरलेल्या गुहांमध्ये. मुंबई सोडल्यापासून साडेपाच महिने झाले होते. हे आकडे डोक्यात ठेवून त्या सव्वा तासाच्या ट्रेनमध्ये बसा, खिडकीबाहेरचं सपाट मैदान वेगळं दिसेल.

कोण थांबलं, कोण परतलं

१९३९ मध्येच चोळकर आणि मुखर्जी भारतात परतले. उरलेले तिघं त्या वर्षाअखेरीस थेट आघाडीकडे गेले. १९४० मध्ये आजारपणामुळे अटल परतले. बसू १९४३ पर्यंत राहिले.

कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ खेड्यांत काम करत राहिले. बेथ्यून नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला जखम झाली, त्यातून रक्तात विष पसरलं. त्यांच्या नावाने जे बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय सुरू झालं, त्याचे पहिले संचालक १९४१ मध्ये कोटणीस झाले. ते चिनी शिकले, नुसतं बोलण्यापुरतं नाही, तर त्या भाषेत शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक लिहिण्याइतकं. १९४१ मध्येच त्यांनी क्वो छिंग-लान या परिचारिकेशी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला फिट्सच्या आजाराने कोटणीस गेले. वय ३२. मुलगा चार महिन्यांचाही नव्हता.

यानंतरचं तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. ख्वाजा अहमद अब्बास यांनी या पथकावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. नावाचा अर्थ, आणि त्यातला एक परत आला नाही. त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला, कोटणीसांची भूमिका स्वतः केली. सोलापुरात त्यांच्या घरी स्मारक आहे. चिनी नेते भारतात आले की कोटणीसांच्या कुटुंबीयांना भेटतात. २०१३ मध्ये पंतप्रधान ली खछ्यांगसुद्धा मुंबईत त्यांच्या बहिणीला भेटले.

आणि आपले चोळकर? नागपुरात किती जणांना हे नाव ठाऊक आहे? तुमच्या ग्रुपवर आज विचारून बघा.

अब्बास यांच्या पुस्तकाचं नाव पुन्हा मनात म्हणा. एक परत आला नाही. म्हणजे चार आले! पण सिनेमा, पुतळा, पोस्टाचं तिकीट हे सगळं न परतलेल्याच्या वाट्याला येतं. यात कोटणीसांचं श्रेय रेसभरही कमी होत नाही. त्यांनी जे केलं ते केलंच. प्रश्न आपल्या आठवणीचा आहे. आपण मरणाला दाद देतो, जाऊन काम करून परत येण्याला देत नाही. उतारवयात घर सोडून, बॉम्ब पडत असलेल्या शहरांमधून यानआनपर्यंत गेलेला माणूस जिवंत परत आला, एवढ्यासाठी त्याची गोष्ट छोटी होते का?

परतलेल्यांनी काय केलं, तेही बघा. बसूंचं उदाहरण घ्या. ते पुढे पुन्हा चीनला गेले, अॅक्युपंक्चर शिकून आले, आणि कलकत्त्यात त्याचे उपचार सुरू केले. आज भारतात अॅक्युपंक्चर ज्या वाटांनी आलं, त्यातली एक मोठी वाट या परतलेल्या डॉक्टरची आहे. जो परत येतो, तो काहीतरी घेऊन येतो.

तर आता वीकेंडचा प्लॅन

शनिवार. सकाळी बीजिंग वेस्ट स्टेशनवरून हायस्पीड ट्रेन पकडा. तिकीट पासपोर्टवरच निघतं आणि स्टेशनवर पासपोर्टच दाखवावा लागतो, तो हॉटेलात विसरू नका. शिजियाझुआंग स्टेशनच्या खालीच मेट्रो आहे. लाइन ३ ने शिनबाय ग्वांगचांग, तिथे लाइन १ ला बदला, आणि पुढचंच स्टेशन ‘लिएशी लिंगयुआन’, म्हणजे शहीद उद्यान.

आत घाई करू नका, दोन-तीन तास द्या. कोटणीसांच्या दालनात पथकाचे फोटो असतील तिथे सगळ्यात वयस्कर चेहरा शोधा. फोटोखाली इंग्रजी नसलं तरी हरकत नाही, ट्रान्सलेट अॅपचा कॅमेरा धरा. समाधीवर फूल वाहायचं असेल तर वाहा. एप्रिलच्या सुरुवातीला चिंगमिंग असतो, म्हणजे आपल्या सर्वपित्रीसारखा पूर्वजांच्या आठवणीचा दिवस. तेव्हा इथे शाळकरी मुलं रांगेने फुलं घेऊन येतात.

त्याच लाइनवर एक स्टेशन पुढे जा. नाव ‘हपिंग यियुआन’, शांतता रुग्णालय. होय, तेच बेथ्यून रुग्णालय, खेड्यांतल्या घरांमधून सुरू झालेलं, आता या शहरातलं भलंमोठं लष्करी हॉस्पिटल. ते पर्यटनस्थळ नाही, चालतं हॉस्पिटल आहे, त्यामुळे बाहेरूनच बघा आणि फोटो काढायच्या भानगडीत पडू नका.

याच शहरात कोटणीसांच्या नावाची एक वैद्यकीय शाळाही आहे. सप्टेंबर २०२० मध्ये तिथल्या कोटणीसांच्या नव्या ब्राँझ पुतळ्याची बातमी भारतातल्या वर्तमानपत्रांत आली होती. तारीख पुन्हा बघा. गलवानमध्ये आपले २० जवान शहीद झाले तो जून २०२०. दोन्ही देशांत एकमेकांबद्दल कमालीचा राग होता, आणि त्याच वेळी त्या शाळेची पोरं एका सोलापूरकराच्या पुतळ्यापुढे शपथ घेतात. याचा अर्थ सीमेवरचं भांडण खोटं असा होत नाही. चिनी सरकार या आठवणीचा राजकारणासाठी वापर करतं, हेही खरं. पण पुतळा तिथे आहे, आणि तो कुणा राजाचा किंवा सेनापतीचा नाही, एका तरुण सर्जनचा आहे. हेही तितकंच खरं.

रविवार. दोन पर्याय देतो, आवडीप्रमाणे निवडा.

पहिला, इतिहास पुरा करायचा असेल तर उत्तरेला थांगश्यान तालुका. कोटणीस ज्या भागात राहिले, गेले, तो हा. तिथे बेथ्यून आणि कोटणीस या दोघांचं मिळून स्मारक आहे. गाडी ठरवून जा, पूर्ण दिवस लागतो.

दुसरा, जवळचं झेंगडिंग हे जुनं गाव. तिथे लोंगशिंग मंदिर आहे, स्थापना इ.स. ५८६. आत ९७१ साली ओतलेली सहस्रबाहू गुआनयिनची ब्राँझ मूर्ती, २१ मीटरच्या आसपास उंच. गुआनयिन म्हणजे आपल्याकडचा अवलोकितेश्वर, तिकडे जाता जाता स्त्रीरूप झालेला. अजिंठ्याच्या भिंतीवर ज्याला बघितलंय, त्याला तिथे भेटायचं. दीक्षाभूमीच्या शहरातून गेलेल्या माणसाला ते मंदिर परकं वाटणार नाही, एवढं नक्की.

रविवारी संध्याकाळची ट्रेन धरा, रात्री बीजिंगला झोपा, सोमवारी कामावर हजर.

चार कामाच्या गोष्टी

एक. व्हिसा आधी काढावा लागतो. इन्स्टावर २४० तास बिनव्हिसा चीन म्हणून जे फिरतं, त्या देशांच्या यादीत भारत नाही.

दोन. २०२० पासून बंद असलेली भारत–चीन थेट विमानं ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, सुरुवात कोलकाता–ग्वांगझू. नागपूरहून थेट काही नाही. म्हणून फक्त दोन दिवसांसाठी इथून उठून जाण्यापेक्षा, कामाला किंवा शिकायला गेलात की त्याला हा वीकेंड जोडा.

तीन. तिथे आपलं यूपीआय चालत नाही. अलीपे किंवा वीचॅट निघायच्या आधी डाउनलोड करून त्याला आंतरराष्ट्रीय कार्ड जोडून ठेवा. गूगल, व्हॉट्सअॅप, इन्स्टा तिकडच्या इंटरनेटवर बंद असतात. चिनी भाषा ट्रान्सलेट अॅपमध्ये ऑफलाइन उतरवून घ्या, आणि हॉटेलचा पत्ता चिनी अक्षरांत फोटो काढून ठेवा.

चार. १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा टाळा. राष्ट्रीय सुट्टी असते, अख्खा चीन रेल्वेत असतो. दिवाळीतलं आपलं स्टेशन आठवा आणि त्याला शंभराने गुणा.

शेवटचं

विदर्भातून कितीतरी पोरं-पोरी एमबीबीएससाठी चीनला गेली आहेत. घरच्यांना वाटतं, एवढ्या दूर, कुठल्या परक्या देशात! त्यांना सांगा, आपल्या गावचा एक डॉक्टर १९३८ मध्ये तिकडे गेला होता. फी भरून शिकायला नाही, जखमी माणसांना टाके घालायला. त्याला तिथे चिनी नाव मिळालं होतं. आणि तो परत आला होता.

तुमच्यापैकी कुणी शिजियाझुआंगला गेलंच, तर कोटणीसांच्या समाधीवर एक फूल सोलापूरकडून वाहा. दुसरं झुओ केहुआ यांच्या नावाने. बाजूला कुणी विचारलं, हे कोण? तर सांगता आलं पाहिजे.

आणि तुमच्या घरी, वाड्यात, जुन्या पेट्यांमध्ये त्या पथकाबद्दल काही असेल, एखादं पत्र, वर्तमानपत्राचं कात्रण, आजोबांनी सांगितलेली आठवण, तर व्हॉइस नोट पाठवा. जमेल तेवढ्या पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर ऐकत राहा, आणि पासपोर्टची तारीख तपासून ठेवा!